माडाच्या लाकडाचं पेन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांच्या वाडीत जुना माड पडलाय आणि त्याचं सरपणाखेरीज काही व्हावं असं वाटतंय ते. दुसरे, ज्यांच्याकडे लहान लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, आहे पण आजवर सागवान आणि शिसवीच कातलंय ते. पेन कसं कातायचं याचे पहिले धडे इथे नाहीत. माडामुळे जे वेगळं करावं लागतं तेवढंच आहे. बहुतेक जण लेथवर काय करायचं ते विचारतात, पण उत्तर बहुतेक वेळा त्याच्या आधीचं असतं: कुठला तुकडा घेतला आणि तो किती वाळवला.

माडाचं लाकूड एवढं वेगळं का वागतं?

माड एकदल आहे, म्हणजे नातं आंबा-फणसापेक्षा गवताशी आणि बांबूशी जवळचं. सालीखाली दरवर्षी नवं लाकूड घालणारा थर त्याला नसतो, म्हणून खोडात वलयं नाहीत. फांद्या नाहीत, म्हणून गाठीही नाहीत. सागात गाभा पक्का आणि कडेचं लाकूड कच्चं. माडात उलट आहे: कडा पक्की, गाभा भुसभुशीत. जुन्या माडाच्या बुंध्यापाशी कडेचं वाळलेलं लाकूड घनमीटरला ६०० ते ९०० किलो भरतं, आणि त्याच माडाच्या शेंड्याकडचा गाभा २०० च्या आसपास. एकाच झाडात एवढा फरक सागाशिसवीत सापडणार नाही.

आत बघितलं तर गडद तपकिरी दोरे उभे गेलेले दिसतात. झाड जिवंत असताना पाणी आणि अन्न याच दोऱ्यांतून वर-खाली जातं. दोऱ्यांच्या मधली जागा फिकट आणि मऊ असते. खराट्याच्या हिरांची जुडी ओल्या पिठात उभी रोवून वाळवली, तर जे होईल ते माडाचं लाकूड. हत्यार आधी हिराला अडतं, मग पिठात घुसतं, पुन्हा हिराला अडतं. धार चांगली असेल तर हीर कापला जातो, नसेल तर तो मुळासकट उपटून येतो आणि मागे लांब खाच राहते. पेन कातताना जे जे बिघडतं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून येतं.

शिवाय माडात वाळूतला कण, म्हणजे सिलिका, असतो. धार लवकर जाते ती त्यामुळे.

मग खोडाचा कुठला भाग घ्यायचा?

बुंध्याकडचा, आणि त्यातही बाहेरचा. माडाचं खोड वर्षागणिक फारसं जाड होत नाही, पण कडेच्या दोऱ्यांच्या भिंती वर्षानुवर्षं जाड आणि कठीण होत राहतात. त्यामुळे सर्वांत जुनं आणि सर्वांत निबर लाकूड बुंध्याच्या कडेला असतं. साठी ओलांडलेला बाणवली, म्हणजे उंच जातीचा, माड उत्तम. पंधरा-वीस वर्षांचा माड पेनाला घेऊ नका, कितीही फुकट मिळाला तरी.

परीक्षा सोपी आहे. आडवा काप स्वच्छ रंधून घ्या. दोऱ्यांच्या टोकांचे ठिपके इतके दाट हवेत की मधला फिकट भाग शोधावा लागेल. अंगठ्याचं नख दाबा. खूण उठली तर तो तुकडा झोपाळ्याच्या पाटाखाली टेकू म्हणून वापरा. कडेचा चार-पाच सेंटीमीटरचा पट्टा सोडून आत गेलात की ठिपके विरळ होत जातात, तिथे थांबायचं.

पेनाच्या तुकड्याला साधारण दोन सेंटीमीटर चौरस आणि तेरा सेंटीमीटर लांब एवढंच लाकूड लागतं. एका चांगल्या बुंध्यातून आयुष्यभराची बेगमी होते. म्हणून निवडताना हात आखडू नका, शंका आली की तुकडा बाजूला.

दोऱ्यांच्या दिशेनं उभा तुकडा काढला तर पेनावर लांब रेघा येतात. थोडा तिरका काढला तर रेघांचे लांबट थेंब होतात, आणि मला तेच सर्वांत देखणं वाटतं. आडवा काढला तर ठिपके येतात, पण तो भोक पाडतानाच तुटतो. राळ (रेझिन) भरल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

निसर्ग वादळात पडलेले माड अजून चालतील का?

हा प्रश्न रायगड आणि दापोली-गुहागरकडून सारखा येतो. ३ जून २०२० ला ते वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, हर्णै या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातही पडझड झाली.

तेव्हा ज्यांनी ओंडके लगेच फाडून फळ्या किंवा वासे छपराखाली ठेवले, त्यांचं लाकूड आज सोनं आहे. इतकी वर्षं वाळलेलं. जो ओंडका मातीवर पडून पावसाळे काढत राहिला तो बाद. माडात साखर आणि पिष्ट भरपूर, त्यामुळे कापल्यापासून काही दिवसांतच बुरशी धरते, काळे-निळे डाग पडतात, बारीक भोकं पाडणारे किडे येतात. आणि कुजका ओंडका नुसता निरुपयोगी नसतो. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजक्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात, मग तोच शेजारच्या उभ्या माडाच्या शेंड्यात शिरतो. पेन होवो न होवो, ओंडका वाडीतून हलवा.

पेनासाठी उभा माड पाडला तर?

नको. फळ देणारा माड पेनासाठी पाडणं मला पटत नाही, आणि गरजही नाही. घरावर कललेला, वीज पडून शेंडा जळालेला, सोंड्या भुंग्यानं पोखरलेला माड दरवर्षी कुठे ना कुठे उतरवला जातोच. तुमच्या पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, सांगून ठेवा, त्याला गावातला प्रत्येक माड ठाऊक असतो. फक्त सोंड्यानं पोखरलेल्या माडात बोगदे कुठवर गेलेत ते फाडल्यावर बघून घ्या.

ताजं लाकूड असेल तर कसं वाळवायचं? किती दिवस?

दिवस विचारू नका, वजन विचारा.

ओंडका उतरला की आठवडा-पंधरवड्यात फाडून घ्यायचा. गिरणीवाला कुरकुर करेल, कारण साधं पातं लगेच बोथट होतं. टंगस्टन कार्बाइडच्या दातांचं पातं असलेली गिरणी शोधा. फाडल्यावर अडीच सेंटीमीटर चौरस पट्ट्या काढा, थोड्या जाड, कारण वाळताना आकसतात. कीड नको असेल तर टाकणखार तीन भाग आणि बोरिक पावडर दोन भाग गरम पाण्यात विरघळवून त्यात पट्ट्या रात्रभर बुडवा. हे पाणी मुलांच्या आणि गुरांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही असं ठेवा. मग पट्ट्यांमध्ये काड्या घालून, वारा खेळेल अशी चळत सावलीत रचायची. टोकांना मेण फासलं तर टोकं फाटत नाहीत.

एका पट्टीवर खूण करून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं म्हणजे लाकूड हवेशी बरोबरीला आलं. पण कुठल्या हवेशी? आषाढात आपल्याकडे आर्द्रता नव्वद टक्क्यांवर गेली की लाकडात वीस टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, कितीही दिवस ठेवा. दिवाळीनंतर ते उतरतं, तरी समुद्राकाठी हवा कोरडी अशी होतच नाही. अशा लाकडाचं पेन घेऊन भाचा नागपूरला गेला, मे महिन्यात तिथल्या घरात लाकूड आकसलं, त्याच्या भोकात चिकटवलेली पितळी नळी काही आकसत नाही, आणि सकाळी पेनाला उभी चीर. तक्रार आली की आधी पत्ता विचारावा: पुणे, सोलापूर, विदर्भ.

म्हणून हवेशी बरोबरी झाली तरी पुढचं वाळवण बाकी असतं. तुकडे शेवटच्या मापाच्या जवळ कापून एका बंद पेटीत तापणाऱ्या जुन्या तारेच्या बल्बवर काही दिवस ठेवा, किंवा वेगळ्या लहान ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या किंचित वर, वजन स्थिर होईपर्यंत. बाहेर काढल्यावर लगेच झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. उघड्यावर ठेवलंत तर दोन दिवसांत पाणी परत पितं.

राळ भरणं आवश्यक आहे का?

पक्का, नखाला दाद न देणारा तुकडा असेल तर नाही. मध्यम असेल तर हो. तिरका किंवा आडवा तुकडा असेल तर निर्विवाद हो.

पद्धत अशी: पूर्ण कोरडे तुकडे पातळ, उष्णतेनं घट्ट होणाऱ्या राळेत बुडवून निर्वात पेटीत ठेवायचे. पंप हवा ओढतो, लाकडातून बुडबुडे येत राहतात. ते थांबले की पंप बंद करून तुकडे त्याच राळेत आणखी तेवढाच वेळ, शक्य तर रात्रभर राहू द्यायचे. राळ खरी आत शिरते ती तेव्हा. मग नव्वद-पंचाण्णव अंशांवर भाजून घट्ट करायची. माडाचा मधला मऊ भाग राळ आनंदानं पितो, त्यामुळे कठीण आणि मऊ यांतलं अंतर कमी होतं, आणि त्याचसाठी हा खटाटोप. लाकडात ओल असेल तर राळ घट्टच होत नाही.

घरचा प्रेशर कुकर आणि खाण्याचा ओव्हन या कामाला वापरू नका. वापरला तर तो परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

पंप नसेल तर गरिबाचा उपाय आहे: कातताना थोडं थोडं उतरवायचं आणि प्रत्येक टप्प्याला पातळ सुपरग्लू जिरवायचा. वरचा एखादा मिलिमीटर पक्का होतो, पेनाला तेवढं पुरतं.

भोक सरळ जात नाही. ड्रिल एका बाजूला सरकतं.

ड्रिल मऊ भाग शोधत जातं आणि दोऱ्यानं ढकललं की वळतं. तुकडा लेथच्या चकमध्ये धरा, ड्रिल टेलस्टॉकमध्ये. आधी आखूड सेंटर ड्रिलनं तोंड पाडा. मग किटला सांगितलेल्या मापाचं बिट, ताजी धार लावलेलं, मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास. दर सेंटीमीटरला बाहेर काढून भुसा झटका. माडाचा भुसा काथ्यासारखा खोबणीत अडकतो, बिट तापतं, आणि तापलं की तुकडा आतून फुटतो.

पलीकडून बिट बाहेर पडताना टोक उडतं. त्यावर एकच खात्रीचा उपाय: तुकडा सेंटीमीटरभर जास्त लांब ठेवा, भोक आरपार पाडूच नका, आणि बंद टोक करवतीनं उडवा. टोकं नळीशी समतल करतानाही आधी दोन्ही तोंडांवर पातळ सुपरग्लूचा थेंब जिरवून मग कटर फिरवा.

नळी अर्ध्यात अडकली आणि हलेना!

सुपरग्लू लावला असणार, आणि महिना पावसाळ्यातला. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. कोरड्या गावात जो अवकाश मिळतो तो जुलैत मालवण-वेंगुर्ल्याला मिळत नाही. नळीसाठी दोन भाग मिसळायचा इपॉक्सी घ्या, सावकाश घट्ट होणारा. तो माडाच्या भोकातल्या खाचाही भरून काढतो, जे सुपरग्लूला जमत नाही. नळी आधी खरखरीत पॉलिश पेपरनं घासा. अडकलेली नळी सुटत नाही, तुकडा टाकून द्या.

हत्यार कोणतं आणि वेग किती?

धारदार. बाकी मतभेद चालतील.

माझी पसंती तिरक्या धारेच्या पटाशीला, हायस्पीड स्टीलच्या, हात बसलेला असेल तर. ती दोरा कापत जाते. हात बसलेला नसेल तर कार्बाइडच्या बदलत्या पात्याचं हत्यार घ्या, पण ते सपाट धरून खरवडू नका. पंचेचाळीस अंशांत कलतं करून सोललं पाहिजे. चौकोनाचा गोल होईपर्यंत वेग बेताचा, मग २५०० फेऱ्यांपर्यंत न्या. आवाज ऐका: सुरळीत सळसळ असेल तर ठीक, टकटक सुरू झाली की धार गेली. सागाला एक धार जिथे दोन-तीन पेनं काढते, तिथे माडाला एका पेनात दोनदा धार लावायची तयारी ठेवा.

सावंतवाडीची खेळणी कातणारे पूर्वीपासून पांगाऱ्यासारखं एकसारखं, मऊ लाकूड घेत आले. चितार आळीत उभं राहून कातकाम बघण्यासारखं आहे, पण तिथला सैल हात माडावर चालत नाही. हत्यार टेकणीवर घट्ट दाबून, टेकणी लाकडाच्या अगदी जवळ.

पॉलिश पेपर लावला की दोरे वर उचलले जातात, मधे खड्डे पडतात.

कारण पेपर मऊ भाग आधी खातो. बोटानं पेपर दाबू नका, पाठीमागे लाकडी ठोकळा धरा. त्याहून बरं म्हणजे कोरड्या लाकडावर पेपर जवळजवळ वापरूच नये: हत्यारानं शक्य तितकं गुळगुळीत करावं, मग सुपरग्लूचे पातळ थर देऊन खड्डे भरावेत, आणि त्या थरांवर पाणी लावून बारीक पेपर चालवावा. थर किती, ते खड्डे सांगतील. दमट दिवशी सुपरग्लूवर पांढरट झाक येते. अशा दिवशी दुसरं काम काढावं.

सुपरग्लूऐवजी खोबरेल चालेल का? माडाला माडाचंच तेल.

कल्पना गोड आहे, पण खोबरेल सुकत नाही. चिकट राहतं, धूळ धरतं, पुढे खवट वास येतो. सुकणारं तेल म्हणजे जवसाचं. पण पेन दिवसभर घामट हातात असतं, नुसत्या तेलावर दोरे पुन्हा उठतात. चपड्याचं फ्रेंच पॉलिश दिसायला सुंदर, पण अल्कोहोलनं विरघळतं. हाताला सॅनिटायझर लावून पेन उचललं की बोटांचे ठसे कायमचे. सुतारांकडचं मेलामाइन चालतं. शक्य असेल तर सुपरग्लूच.

करवंटीचं पेन होतं का? पोफळीचं? ताडाचं?

करवंटी कठीण आणि देखणी, पण जाडी तीन-चार मिलिमीटर आणि सगळीकडे वळण. अखंड तुकडा निघतच नाही. लहान चिपा इपॉक्सीत बसवून ठोकळा ओततात आणि तो कातायचा. मला ते काम किचकट वाटतं, पण रंग गडद येतो.

पोफळीचा कठीण पट्टा फार पातळ, जुन्या झाडातही पेनाला जेमतेम. तिची खोडं पाटाच्या पन्हळीला आणि मांडवाच्या खांबांना बरी.

ताड मात्र मिळाला तर सोडू नका. पालघर-डहाणूकडे जुने ताड असतात; दोरे जवळजवळ काळे, लाकूड माडापेक्षा कठीण. भेरली माडही तसाच. दोन्हीला धार आणखी लवकर जाते.

कुठलं किट घ्यावं?

किट म्हणजे पेनाची नळी, टोक, क्लिप असे तयार धातूचे भाग. आत बारीक रिफिल बसणारं सडपातळ किट स्वस्त असतं, पण ते क्रॉस पद्धतीचं रिफिल खेड्यातल्या दुकानात मिळत नाही. पार्कर पद्धतीचं रिफिल चिपळूण-कणकवलीला कुठेही मिळतं, म्हणून तेच किट. सोनेरी मुलामा खाऱ्या हवेत आणि घामात लवकर उडतो. क्रोम किंवा टायटॅनियमचा टिकतो. किटचे काही पैसे वाचवून एवढ्या मेहनतीचं पेन दोन वर्षांत पितळी डागांचं करू नये.

शाईचं पेन?

होतं, पण शाई लाकडाला लागता कामा नये. कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर वापरा, पकडीचा भाग धातूचा किंवा एबोनाइटचा ठेवा. आपल्याकडची हातानं कातलेली बरीचशी शाईची पेनं एबोनाइटची असतात, त्यांच्या पोटात थेट शाई भरता येते, कारण ते कडक केलेलं रबर आहे. लाकडाच्या पेनात तसं करायला गेलात तर शाई दोऱ्यादोऱ्यांतून बाहेर झिरपेल.

धोका किती?

माडाचं कुसळ वाईट. काळं, ताठ, आत गेलं की तुटतं आणि पिकतं. पट्ट्या हाताळताना हातमोजे घाला, पण फिरत्या लेथपाशी हातमोजे काढा. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, ओढणी, मनगटाचा धागा, सगळं आत किंवा बाजूला. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, धुळीसाठी एन-९५ मुखपट्टी. सुपरग्लूच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, खिडकी उघडी हवी.

लेथलाही सांभाळा. खाऱ्या हवेत बेड आठवड्यात गंजतो. काम संपलं की भुसा झटकून मेणाचा हात आणि वर जुनी गोधडी.

आमच्या बचत गटाला हा धंदा म्हणून जमेल का?

स्पष्ट सांगायचं तर नुसत्या पेनावर नाही. लाकूड फुकट असलं तरी किट, राळ, पाती आणि वेळ यांचा खर्च खरा आहे, आणि दहा रुपयांच्या पेनाशी कोणी त्याची तुलना केली तर तुम्ही हरलात. गिऱ्हाईक म्हणजे पर्यटक, लग्नातली भेट, निवृत्तीचा सत्कार, बाहेरगावी राहणारा गावकरी. गटात आधी दोघींनी शिकावं, हात बसला की मगच दुसरी लेथ घ्यावी. त्याच लेथवर लाटण्याच्या मुठी, चाव्यांचे गोंडे, बाटल्यांची बुचं होतात. घरचा खर्च बहुधा त्यावर निघेल, पेन शोभेला राहील.

आजोबांनी लावलेला माड पडला. त्याचं पेन करून हवं आहे. लाकूड कसं पाठवू?

अशा वेळी घाई नको, लाकूड थांबतं. बुंध्यापासून हातभर वर, कडेचा, तळहाताएवढ्या रुंदीचा आणि फूटभर लांबीचा तुकडा काढून घ्या. साल असली तर राहू द्या, बाहेरची बाजू कळते. वरचं टोक खडूनं खुणवा, गाव आणि माड पडल्याचा महिना लिहा. टोकांना मेण लावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये बांधलंत तर पोचेपर्यंत बुरशी धरेल. पावसाळ्यात पाठवू नका, दिवाळीनंतर एसटीच्या पार्सलनं किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर चालेल. एका घरात चार भावंडं असतील तर चौघांनी चार तुकडे पाठवू नका: एकाच तुकड्यातून चार पेनं काढली तरच रेघा एकमेकींशी जुळतात.